बंद पडलेले जुने फ्लाय-टाइंग व्हाइस : नागपूर-विदर्भात कोणाकडे काय आहे? ओळख, दुरुस्ती, अदलाबदल

वैनगंगाकाठ

राम राम मंडळी.

गळावर पिसं, केस, लोकर आणि दोरा गुंडाळून कृत्रिम माशी बांधणारे आपल्या विदर्भात मोजके. त्यासाठीचे जुने व्हाइस (बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारे छोटे शिकंजे) जमवणारे त्याहून मोजके. पण अलीकडे भंगारात, घर आवरणाऱ्या कुटुंबांकडे आणि परदेशातून परतलेल्यांच्या पेट्यांत असे तुकडे दिसत आहेत. ज्याच्या हाती लागतात त्याला ते काय आहे ते माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्याला ते कुठे आहेत ते कळत नाही. म्हणून हा धागा. काय आहे, काय हवं, काय द्यायचं, सगळं इथेच लिहू.

आधी हद्द ठरवतो. रेन्झेटी, रीगल, डायना-किंग हे उत्तम व्हाइस आहेत, पण ते आजही बनतात आणि सुटे भाग मागवता येतात. इथे बोलायचं ते ज्यांचा कर्ता उरला नाही, किंवा जे मॉडेल पुन्हा निघणार नाही त्यांच्याबद्दल. त्यात पहिला मान इलिनॉयमधल्या एल्गिन गावच्या थॉम्पसनच्या मॉडेल ए चा. विसाव्या शतकात अमेरिकेत घरी माशी बांधणाऱ्यांच्या टेबलावर सर्वाधिक दिसला तो हाच. दुसरा, इंग्लंडच्या लॉरेन्स वॉल्ड्रन यांनी एकेक करून घडवलेला एलएडब्ल्यू. तो मी फक्त फोटोत पाहिला आहे. तिसरे, न्यू हॅम्पशरच्या बिल हंटर यांच्या काळातले सुरुवातीचे एचएमएच. ते नाव आजही मेन राज्यात चालू आहे, पण पहिल्या काळातले तुकडे वेगळे धरावेत असं मला वाटतं. चौथे, क्रॉयडनच्या व्हेनियर्डकडून आलेले जुने इंग्लिश व्हाइस.

माझ्याकडे मॉडेल ए आहेत, एक इंग्लिश हात-व्हाइस आहे (हातात धरूनच बांधायचा, टेबलाला लावायचा नाही) आणि एक जुना एचएमएच. हवे आहेत ते मॉडेल ए चे चांगले जबडे. बदल्यात पूर्ण व्हाइस द्यायची तयारी आहे.

नवीन लोकांसाठी थोडं. मॉडेल ए चा जीव तीन भागांत आहे : पुढे मधोमध चिरलेला जबडा, त्याच्याभोवती नळी, मागे कॅमचा दांडा. दांडा दाबला की जबडा नळीत मागे खेचला जातो, त्याचा निमुळता भाग नळीच्या तोंडावर दाबतो आणि चीर मिटते. लेथवर काम केलेल्याला कॉलेट म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गळ बारीक-जाड झाला की आट्यांवर फिरवून खेच जुळवून घ्यायची. हे न करता नुसता दांड्यावर जोर देणाऱ्यांनीच जगभरातले बहुतेक जबडे फोडले आहेत.

माझं मत स्पष्ट सांगतो, पटो न पटो. व्हाइस चालता असला पाहिजे. बंद पडलेल्या कंपनीचा व्हाइस जर सोळा नंबरचा गळ (नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक) घट्ट धरत नसेल, तर आपण फक्त लोखंड जपतोय.

मरळप्रेमी

वा भाऊ, या धाग्याची वाट पाहून राहिलो होतो.

मले इतवारीत लोहाओळीच्या मागे एका भंगारवाल्याकडे एक भेटला. दिसायले सेम मॉडेल ए. पितळी नळी, मागे दांडा, खाली सी-क्लॅम्प. नाव कुठेच नाही. असली थॉम्पसन कसा ओळखायचा? मी मरळसाठी बेडकासारखे पॉपर (पाण्यावर तरंगणारं आमिष) बांधतो, मोठे गळ, १/० आणि २/०. दोरा ताणला की गळ खाली झुकून राहिला आहे.

वैनगंगाकाठ

मरळप्रेमी भाऊ, नाव नाही आणि गळ झुकतोय, या दोन गोष्टींवरून तो नक्कल असावा. त्यात वाईट वाटून घेऊ नका. मॉडेल ए ची नक्कल जगभर झाली आणि त्यातली मोठी आवक भारतातून होती. अमेरिकेत शिकाऊ लोकांना जी स्वस्त पेटी मिळायची, तिच्यात बहुधा भारतात बनलेला व्हाइस असायचा. तिकडचे जुने लोक आजही त्याची तक्रार करतात, आणि तक्रार खरी आहे, कारण त्यांचा जबडा मऊ असतो.

तपासायचं असं. जबडा काढून घ्या. टोकाकडे हात लावू नका, नळीत लपणाऱ्या भागावर बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरून गेली, नुसता खरखर आवाज झाला, तर पोलादाला पाणी दिलेलं (तापवून एकदम थंड करून कडक केलेलं) आहे. कानस बसली आणि चकचकीत चरा पडला तर मऊ. दुसरं, भिंगातून टोकाच्या आतल्या बाजू पाहा. मऊ जबड्यात गळाच्या तारेचे खड्डे पडलेले दिसतात, आणि एकदा खड्डा पडला की पुढचा प्रत्येक गळ त्याच खड्ड्यात घसरतो.

तिसरं, जबडा उजेडासमोर धरून मिटवा. चांगल्या जबड्यात टोकं आधी टेकतात आणि मागे बारीकशी उजेडाची रेघ उरते. मागे टेकून पुढे फट राहिली तर तो कधीच धरणार नाही, कितीही दाबा.

मरळप्रेमी

कानस बसली भाऊ. खड्डे पण आहेत.

पण नळी आणि कॅम एकदम दणकट आहे. फेकायचा नाही मले.

लेथवाला_हिंगणा

फेकू नकोच. फोटो पाहिला. नळी ठीक आहे, कॅमची खाच झिजलेली नाही. जबडा नवीन बनतो.

मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं आहे, माशी कधी बांधली नाही. वैनगंगाकाठ भाऊंच्या नादाने हे व्हाइस हातात आले. धाग्यावर पहिल्यांदा लिहितो आहे, तर जे मला येतं ते लिहितो, कोणाच्या तरी कामी पडेल.

सगळ्यात आधी आटे. अमेरिकेचा माल इंची असतो, त्याचे आटे ६० अंशाचे. जुना इंग्लिश माल व्हिटवर्थ किंवा बीए, या आट्यांच्या जुन्या इंग्लिश पद्धती. व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, बीएचा साडेसत्तेचाळीस. आता यात फसवणारी जागा अशी की पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची अमेरिकन यूएनसी, दोघांचेही इंचाला २० आटे. बोल्ट फिरतो, बसतो, पण कोन वेगळा असल्यामुळे कडेवरच टेकतो. चार वेळा कसला की आटे गेले. ०बीए चा व्यास ६ मिमी आणि आट्यांचं अंतर १ मिमी, म्हणजे आपला एम६ (६ मिमीचा मेट्रिक स्क्रू) त्यात जाईल, पण पूर्ण टेकणार नाही. आणि पाव इंची भोकात कोणी एम६ ठोकून बसवला असेल तर ते भोक संपलं. आपल्याकडच्या दुकानात स्क्रू मागितला की एम६ हातात येतो, म्हणून असं झालेले व्हाइस मी खूप पाहिले. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) लावल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका.

दुसरं, खांब. बहुतेक अमेरिकन व्हाइसचा खांब ३/८ इंची, म्हणजे ९.५२५ मिमी. बाजारात १० मिमीची सळई मिळते, ती जात नाही. मग लोक क्लॅम्पचं भोक मोठं करतात. तसं करू नका, खांब लेथवर उतरवून घ्या. खांब कुठेही बनतो. भोक मोठं झालेला मूळ क्लॅम्प परत लहान होत नाही.

धरमपेठ_पिसारा

मी बरीच वर्षं वाचत असते, आज लिहिते कारण पहिल्याच पोस्टमधल्या एका वाक्याशी माझं जमत नाही.

वैनगंगाकाठ दादा, तुम्ही म्हणता चालत नसेल तर आपण लोखंड जपतोय. माझ्याकडे वडिलांकडून आलेला मॉडेल ए आहे. जबड्याच्या एका बाजूचं टोक तुटलेलं आहे. वडिलांनी तो तसाच वापरला, गळ थोडा आत धरून. त्या तुटक्या टोकामुळे त्यांच्या माशांचा शेपटीकडचा भाग कायम थोडा आखूड, आणि त्या माशा आजही माझ्याकडे आहेत. मी जबडा बदलला तर व्हाइस चालेल, पण त्या माशा आणि तो व्हाइस यांचा संबंध तुटेल.

आणि हे माझ्या घरापुरतं नाही. ज्या कारखान्याची आता एकही नोंद आपल्या हाताला लागत नाही, त्याने पोलादाला पाणी कसं दिलं, चीर किती रुंद ठेवली, निकलचा थर कुठे दिला आणि कुठे सोडला, हे कळायला मूळ तुकडा हाच एक कागद आहे. प्रत्येक जण दुरुस्त करत गेला तर काही वर्षांनी दिसायला मॉडेल ए, आत हिंगण्याचा, असे व्हाइस फिरतील आणि कोणालाच कळणार नाही. लेथवाला भाऊंच्या हाताला नाव ठेवत नाही, गैरसमज नको. हात चांगला आहे म्हणूनच काळजी वाटते. वाईट दुरुस्ती ओळखू येते, चांगली येत नाही.

पुणेरी_गळ

दोन्ही बाजू पटतात. एक वेगळी गोष्ट मांडतो.

मेनच्या अपर डॅमला कॅरी स्टीव्हन्स राहायच्या. १ जुलै १९२४ रोजी त्यांनी स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर (छोट्या माशासारखी दिसणारी लांबट माशी) ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट धरला, आणि त्यांची ग्रे घोस्ट ही माशी पुढे जगभर गेली. त्यांनी व्हाइस वापरलाच नाही. गळ बोटांत धरून बांधायच्या. अमेरिकेतले नामवंत गळवाले ली वुल्फ यांचंही तसंच, २८ नंबरचा गळसुद्धा चिमटीत. एकोणिसाव्या शतकात सामनच्या भरजरी माशा बांधणाऱ्यांत हातात बांधणं ही नेहमीची रीत होती.

म्हणजे माशीला व्हाइस लागतोच असं नाही. व्हाइस आला तो हात मोकळे करायला. म्हणून मला तो वापरताना जास्त कळतो. खेच कशी येते, दांडा कुठे थांबतो, व्हाइसचं डोकं किती अंशात झुकलेलं म्हणजे मनगट दुखत नाही, हे कपाटातल्या तुकड्यातून कळत नाही. ताईंच्या वडिलांनी तुटका जबडा वापरलाच की.

धरमपेठ_पिसारा

वापरला. पण बदलला नाही. मी पण त्यावर बांधते, तसाच.

वैनगंगाकाठ

ताई, तुमचं म्हणणं गेले दोन दिवस डोक्यात आहे. तुमच्या व्हाइसबद्दल मी माझा आग्रह सोडतो. वडिलांच्या माशा शेजारी असताना तो जबडा बदलणं बरोबर नाही. पण मरळप्रेमी भाऊंच्या नकलेबद्दल, किंवा भंगारातून आलेल्या, ज्याच्यासोबत कोणाचीच माशी उरलेली नाही अशा थॉम्पसनबद्दल, मी अजूनही चालता करण्याच्याच बाजूने आहे. बिनजबड्याचा व्हाइस भंगारवाला पितळेच्या भावाने वजन करून वितळवायला देतो. मी स्वतः नळ्या तशा वजनातून सोडवल्या आहेत. चालता व्हाइस कोणी वितळवत नाही.

मधला रस्ता मला असा दिसतो. मूळ जबडा, तुटका का असेना, कधीच टाकायचा नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून त्याच व्हाइससोबत द्यायचा. आणि नव्या जबड्यावर खूण असली पाहिजे. लेथवाला भाऊ, अशी खूण टाकता येईल का जी घासून सहज जाणार नाही, पण पकडीत पण आड येणार नाही?

लेथवाला_हिंगणा

येते. नळीत राहणाऱ्या शेपटाकडे, निमुळता भाग संपल्यावर. तिथे घर्षण नाही. पाणी द्यायच्या आधी अक्षर-पंच मारायचा. नंतर मारला तर पंचही जाईल आणि जबड्याला तडाही जाईल.

जबडा कसा करतो ते लिहितो, म्हणजे ताईंनाही कळेल यात काय मूळ राहतं आणि काय नाही.

मटेरियल ओएचएनएस घेतो. टूलरूमवाल्यांना माहीत आहे, तेलात पाणी द्यायचं पोलाद, आकार फारसा बदलत नाही. लेथवर बाहेरचा आकार आणि निमुळता कोन काढतो. कोन मूळ जबड्यावरून घेतो, अंदाजाने नाही. मग खूण. मग ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून तेलात. बाहेर आला की तो कडक पण ठिसूळ असतो, म्हणून लगेच टेम्पर, म्हणजे कमी आचेवर परत तापवून ठिसूळपणा काढायचा. २०० अंशाला टेम्पर केला तर ६० च्या वर रॉकवेल (कडकपणाचं माप) येतं. पंचिंग डायला ते छान, पण एवढ्या बारीक टोकाच्या जबड्याला मी ते देत नाही. टेम्पर वर नेतो, ५५-५६ पर्यंत उतरवतो. थोडं कमी कडक, पण टोक उडत नाही. घाईत टेम्पर न करता दिलेला जबडा पहिल्याच मोठ्या गळाला टिचतो.

मधली चीर सगळ्यात शेवटी, वायरकटवर (विजेच्या ठिणगीने तारेने कापणारं यंत्र). आधी चीर पाडून मग पाणी दिलं तर दोन्ही पाकळ्या वेगवेगळ्या वाकतात आणि टोकं जुळत नाहीत. वायरकट जुन्या कारखान्याकडे नव्हतं, त्यामुळे मूळ जबड्याच्या चिरेत कटरच्या रेघा दिसतात. वायरकटची चीर आतून मॅट, एकसारखी धुरकट दिसते. ताई, तुम्ही म्हणालात चांगली दुरुस्ती ओळखू येत नाही. भिंग घेऊन चिरेच्या आत पाहिलं तर येते.

धरमपेठ_पिसारा

हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार, भाऊ. चिरेच्या आतले फोटो सगळ्यांनी टाकायचे, असा या धाग्याचा रिवाजच करू या का?

रामटेकी

माझा प्रश्न गंजाचा. आमच्याकडे खिंडसीजवळ पावसाळ्यात सगळ्याला गंज चढतो. एक जुना व्हाइस ॲसिडमध्ये टाकून साफ करू का? दुकानदार म्हणतो पाच मिनिटांत चकाचक.

लेथवाला_हिंगणा

जबडा ॲसिडमध्ये अजिबात नाही. कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ते आणखी ठिसूळ होतं. वरून चकाचक दिसेल, आणि चार दिवसांनी कसताना टोक उडेल. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने घासा, परत ठेवा. वेळ लागतो.

निकल उडालेला खांब बफिंगला देऊ नका. बफवाला अक्षरंही पुसून टाकतो.

वैनगंगाकाठ

आणि उन्हाळ्यातली एक गोष्ट, आपल्या गावासाठी. मे महिन्यात ४५-४६ अंशांत तेल पातळ होऊन ओघळतं आणि कॅमची खाच कोरडी पडते. कॅमला पातळ तेल नको, बोटावर येईल एवढं ग्रीस द्या. जबड्याच्या आतल्या बाजू मात्र कोरड्या ठेवा, तिथे तेल गेलं की गळ घसरतो आणि आपण विनाकारण दांड्यावर जोर देत बसतो.

पुणेरी_गळ

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी थोडं. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, त्यात टपालखर्च आणि विमाही धरतात. म्हणून जड पाया सोबत मागवणं म्हणजे लोखंडाच्या वजनावर टपाल भरायचं आणि त्या टपालावर शुल्कही भरायचं. पाया मूळ आणि शिक्का असलेला नसेल तर विक्रेत्याला सांगा, फक्त डोकं आणि खांब पाठवा. पाया इथे बनतो.

पैसे द्यायच्या आधी चार फोटो मागा : टोक बाजूने, टोक समोरून उजेडात, दांडा पूर्ण मिटलेला, आणि दांडा अर्धा. मिटलेला दांडा शेवटच्या टोकापर्यंत जात असेल तर कॅम झिजला आहे किंवा जबडा आखूड झाला आहे. "फार कमी वापरलेला" या शब्दांवर जाऊ नका.

तीर्थनवरून_परत

नमस्कार. मी नागपूरचाच, कामानिमित्त बरीच वर्षं कुल्लूकडे होतो. तिकडे ट्राउट असल्यामुळे जुन्या अधिकाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या पेट्या फिरत असतात. मला अशीच एक मिळाली. व्हाइस इंग्लिश आहे, सोबत रेशमी दोरे, मेण, आणि एका पाकिटात काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची पिसं कातडीसकट. तो बहुतेक रानकोंबडा. व्हाइस आणि पिसं एकत्र द्यायचे आहेत. किंमत काय मागू?

व्यवस्थापक

तीर्थनवरून_परत, व्हाइस, दोरे, मेण यांची जाहिरात इथे खुशाल करा. पिसांची नाही. राखाडी रानकोंबडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या कातडीची खरेदी-विक्री, अदलाबदल इथे होणार नाही, कितीही जुनी असली तरी. त्या पाकिटाचं काय करायचं हे वन विभागाला विचारा. सेमिनरी हिल्सला त्यांचं कार्यालय आहे. फोटोही काढून टाकला आहे, समजून घ्या.

तीर्थनवरून_परत

समजलं. उद्याच जातो. व्हाइसचा वेगळा फोटो टाकतो.

वैनगंगाकाठ

तीर्थनवरून_परत भाऊ, फोटो पाहिला. स्क्रूने मिटणारा जबडा, कॅम नाही. किमतीपेक्षा एक विचारतो, अदलाबदल चालेल का? माझ्याकडे एक मॉडेल ए जास्तीचा आहे, जबडा मूळ, चिरेत कटरच्या रेघा स्पष्ट आहेत, डाव्या पाकळीला टोकाशी बारीक चरा आहे. दहा ते अठरा नंबरला उत्तम धरतो, दोनपेक्षा मोठा गळ त्यात घालू नका. निकल खांबावर अर्धा गेलेला. सी-क्लॅम्पचा स्क्रू मूळ नाही, हे आधीच सांगतो.

तीर्थनवरून_परत

चालेल. माझ्या व्हाइसचा बाजूचा स्क्रू फिरत नाही, अडकला आहे. जोर लावलेला नाही. आत काय आहे ते मला सांगता येणार नाही.

लेथवाला_हिंगणा

जोर नाही लावला ते फार बरं केलं. माझ्याकडे आणा, दोघंही या. आधी बीए की व्हिटवर्थ ते पाहू. रॉकेल आणि थोडी ऊब दिली की बहुतेक सुटतो. नाही सुटला तर तसाच राहील, ड्रिल मारणार नाही.

मरळप्रेमी, तुझा जबडा टेम्परला गेला आहे. निमुळता कोन तुझ्याच जुन्या जबड्यावरून घेतला. १/० साठी टोक थोडं जाड ठेवलं. शेपटावर "हिं" आणि सालाचे शेवटचे दोन आकडे मारले आहेत.

मरळप्रेमी

हाओ भाऊ. जुना जबडा पण परत पाहिजे मले, खड्ड्यांसकट. तेल लावून ठेवतो.

धरमपेठ_पिसारा

रविवारी मी पण येऊ का लेथवाला भाऊंकडे? जबडा बदलायला नाही. वडिलांच्या जबड्याची चीर, निमुळता कोन आणि तुटलेल्या टोकाची लांबी मोजून लिहून ठेवायची आहे. मूळ मापं कागदावर असली तर पुढे ज्याला बनवायचा असेल त्याच्या कामी येतील. मोजताना कानस लावायची नाही, एवढीच अट.

लेथवाला_हिंगणा

या ताई. कानस नाही लागत. प्रोफाइल प्रोजेक्टर आहे, त्यावर सावली मोठी करून मोजू, जबड्याला स्पर्शही नाही. दहानंतर या, त्याआधी लाइट जाते आमच्याकडे. आणि बारा, सोळाचे गळ कोणीतरी आणा, माझ्याकडे एकही नाही.

वैनगंगाकाठ

गळ मी आणतो. ताई, मापं झाली की इथे टाकाल ना? माझ्या तिन्ही जबड्यांची मापं त्याखाली लिहितो, म्हणजे एकाच मॉडेलमध्ये फरक किती पडत होता ते दिसेल.